डोहातला खरबा

जालना जिल्ह्याच्या उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगररांगा आहेत आणि दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. या दोहोंच्या मधून पूर्णा, गिरजा, केळना, दुधना, कुंडलिका अशा लहानमोठ्या नद्या जातात. त्या सर्वांचे पाणी शेवटी गोदावरीलाच मिळते. पावसाळ्यात या नद्या दुथडी भरून वाहतात. परंतु हिवाळा सरता सरता त्यांची धार बारीक होत जाते. चैत्र-वैशाखात तर पुष्कळ ठिकाणी वाळू, गोटे आणि काळा कातळ एवढेच दृष्टीस पडते. मात्र नदीच्या वळणावर किंवा खडकाच्या पोटाशी एखादा डोह पाणी धरून असतो. नदीतील जलचरांचा तोच त्या दिवसांतला आसरा होय.

अशा डोहाच्या काठी थोडा वेळ स्तब्ध बसावे. वरच्या पाण्यात चांदीसारखे चमकणारे बारीक मासे थव्याने फिरताना दिसतात. तळाशी केवळ वाळू आहे असे वाटते. परंतु एवढ्यात वाळूचाच एक तुकडा हलल्यासारखा होतो, क्षणार्धात पुढे झेपावतो आणि पुन्हा वाळूवर निश्चल होतो. थव्यातला एक मासा मात्र कमी झालेला असतो. वाळूचा तुकडा भासणारा तो प्राणी म्हणजे खरबा. काही ठिकाणी त्याला खरपा असेही म्हणतात.

खरब्याचे शरीर लांबट असून मागे निमुळते होत जाते. डोके चपटे आणि डोळे डोक्याच्या वरच्या बाजूस असतात. त्यामुळे तळाशी पडल्या पडल्या त्याला वरचे सारे दिसते. खालचा जबडा वरच्या जबड्यापेक्षा पुढे आलेला असतो. रंग पिवळसर तपकिरी असून दोन्ही कुशींवर पाच-सहा काळपट ठिपके ओळीने दिसतात. रोहूची चांदीसारखी झळाळी किंवा मरळीचा भारदस्तपणा त्याच्या ठायी नाही. पण वाळूच्या पार्श्वभूमीवर त्याचा हा मळकट रंगच त्याचे चिलखत ठरतो. वरून पाहणाऱ्या बगळ्याला तो दिसत नाही आणि समोरून येणाऱ्या भक्ष्यालाही दिसत नाही.

त्याच्या पाठीवर एकामागे एक असे दोन पर असतात. परंतु खरी नवलाई पोटाकडील बाजूस आहे. इतर बहुतेक माशांचे पोटाखालचे दोन पर एकमेकांपासून वेगळे असतात. खरब्याचे ते दोन्ही पर जुळून त्यांची एक लहानशी वाटी झालेली असते. तळावर बसताना ही वाटी त्याला आधार देते. वाहत्या पाण्यात आपली जागा न सोडता टिकून राहण्यासही तिचा उपयोग होतो.

पोटाखाली अशी वाटी असणाऱ्या माशांचे एक मोठे कूळ आहे. इंग्रजीत त्याला ‘गोबी’ म्हणतात. या कुळात आणि त्याच्या निकटच्या गोतावळ्यात मिळून दोन हजारांहून अधिक जाती आहेत. फिलिपाइन्समधील एक जाती पूर्ण वाढली तरी सुमारे एक सेंटिमीटरच भरते. हवाई बेटांवरील एका जातीची पिल्ले पोटाखालच्या वाटीने ओल्या खडकाला चिकटत चिकटत धबधबा चढून जातात. शंभर मीटरहून उंच अशा कड्याच्या माथ्यावरील पाण्यातही ती पोहोचलेली आढळली आहेत. उष्ण समुद्रातील काही जाती एका प्रकारच्या झिंग्याबरोबर एकाच बिळात राहतात. झिंग्याची दृष्टी मंद असते, पण बीळ खणण्यात तो तरबेज असतो. तो खणत असतो आणि मासा दाराशी पहारा करीत असतो. झिंगा आपली मिशी माशाच्या शेपटीला लावून ठेवतो. संकट दिसताच शेपटी हलते आणि दोघेही बिळात शिरतात. कोकणच्या खाड्यांतील चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्याही या खरब्याच्याच नातेवाईक होत.

खरब्याचा वावर केवळ गोदावरीच्या खोऱ्यापुरता मर्यादित नाही. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून भारत, आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियापर्यंत तो पसरलेला आहे. नदीचे गोडे पाणी, खाडीचे मचूळ पाणी आणि समुद्रकाठचे खारे पाणी ही तिन्ही त्याला मानवतात. गोदावरी त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावते व सुमारे 1465 किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. समुद्रापासून इतक्या दूरच्या मराठवाड्यातील डोहांत जो मासा राहतो, तोच तिच्या मुखाजवळच्या मचूळ पाण्यातही सापडतो. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश वैद्याने गंगेतील व तिच्या शाखांतील माशांचा बारकाईने अभ्यास करून 1822 मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात या माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन आले. आज शास्त्रज्ञ त्याला ‘ग्लॉसोगोबियस जिउरिस’ म्हणतात. ‘ग्लॉसो’ म्हणजे जीभ. त्याच्या जिभेचे टोक मध्ये खाचलेले असते, त्यावरून हे नाव पडले.

खरबा पाठलाग करून शिकार करणारा मासा नव्हे. तो दबा धरतो. वाळूत अंग रुतवून केवळ डोळे वर ठेवावेत आणि भक्ष्य टप्प्यात येईपर्यंत अंगाचा एक खवलाही हलू देऊ नये, ही त्याची रीत. पाण्यातील किडे, झिंगे आणि लहान मासे हे त्याचे अन्न. संधी मिळाली तर तो स्वतःच्या जातीच्या लहान पिल्लांनाही सोडत नाही. असे असूनही अंड्यांच्या बाबतीत या कुळातील मासे मोठे दक्ष असतात. मादी दगडाच्या किंवा कपारीच्या आतल्या बाजूस अंडी चिकटवून ठेवते आणि पिल्ले बाहेर येईपर्यंत बहुधा नर तेथे राखण करतो. शिकारी आणि राखणदार या दोन्ही भूमिका एकाच कुळात अशा नांदतात.

असा हा मासा घरी आणून काचेच्या पेटीत ठेवता येईल काय? नदीकाठी मासे पाहणाऱ्या मुलांच्या मनात हा प्रश्न सहज उभा राहतो. मासे काचेतून न्याहाळण्याची हौस फार जुनी नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1853 मध्ये लोकांसाठी मत्स्यालय उघडले, तेव्हापासून ही आवड जगभर फैलावली. मुंबईत समुद्रकाठी 1951 मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि कित्येक वर्षे महाराष्ट्रातील शाळांच्या सहलींनी तेथे गर्दी केली. आता तर लहान शहरांतील दुकानांतूनही मत्स्यपेट्या मिळतात. दुकानात रंगीत मासे पाहिले की पेटी घ्यावीशी वाटते. पण मासा दिसतो कसा, हा पहिला प्रश्न नव्हे. तो राहतो कसा, हा पहिला प्रश्न होय. खरब्याच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर चार गोष्टींवर अवलंबून आहे : जागा, सोबत, अन्न आणि पाणी.

प्रथम जागेचा विचार करावा. डोहात पकडलेला खरबा बोटाएवढा असला, तरी तो तेवढाच राहणार नाही. चांगले अन्न मिळाल्यास तो वीत-दीड वीत सहज वाढतो. काही ठिकाणी तर अर्ध्या मीटरपर्यंत लांबीचे खरबे आढळल्याची नोंद आहे. गोल काचेच्या भांड्यात त्याला ठेवणे म्हणजे माणसाला रांजणात कोंडण्यासारखे आहे. निदान 90 सेंटिमीटर लांब, 45 सेंटिमीटर रुंद आणि तितकीच उंच पेटी त्याला हवी. मासा मोठा होऊ लागला की तीही अपुरी पडते. खरबा तळाशी राहतो, म्हणून त्याच्या पेटीत उंचीपेक्षा लांबी-रुंदीला अधिक महत्त्व आहे. तळाशी बारीक, धुतलेली वाळू चार बोटे जाडीची पसरावी. टोकदार खडीवर त्याचे पोट खरचटते. लपण्यासाठी दोन-तीन सपाट दगड किंवा फुटक्या माठाचे तुकडे ठेवावेत. पेटीवर झाकण असावेच, कारण बिथरलेला मासा उडी मारून बाहेर पडू शकतो.

दुसरी गोष्ट सोबतीची. दुकानातील पेट्यांत लाल, निळे, पिवळे असे अनेक जातींचे लहान मासे एकत्र सोडलेले असतात. त्यांत खरबा सोडला, तर काही दिवसांत पेटी रिकामी होईल. यात खरब्याचा दोष नाही. तो आपल्या स्वभावानुसार वागतो. दोष असतो तो स्वभाव जाणून न घेता सोबत निवडणाऱ्याचा. त्याच्या तोंडात मावेल असा कोणताही मासा त्याच्याजवळ ठेवू नये. नवख्या माणसाने तर एका पेटीत एकच खरबा ठेवावा.

तिसरी गोष्ट अन्नाची. दुकानात मिळणारे कोरडे दाणे पाण्यावर तरंगतात. खरबा तळाशी हालचाल करणारे भक्ष्य ओळखतो, म्हणून आरंभी तो त्या दाण्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याला गांडूळ, बारीक झिंगे, किंवा झिंग्याच्या मांसाचे लहान तुकडे द्यावे लागतात. हे तुकडे चिमट्याने त्याच्यापुढे हळूहळू हलविल्यास तो ते घेण्यास शिकतो. न खाल्लेले अन्न त्याच दिवशी बाहेर काढावे. ते कुजले की पाणी बिघडते.

पाण्याची बाब सर्वांत महत्त्वाची आहे. माशाच्या मलमूत्रातून आणि कुजलेल्या अन्नातून अमोनिया निर्माण होतो. तो माशांना विषारी असतो. नदीत पुष्कळ पाणी आणि असंख्य सूक्ष्म जीव असल्यामुळे त्याचा निचरा होतो. पेटीत मात्र तो साचत जातो. तेथेही वाळूवर आणि गाळणीतील स्पंजावर उपयुक्त जिवाणू वाढतात. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही घातकच असते. दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ते बरेच कमी त्रासदायक असते. हे जिवाणू पुरेसे वाढण्यास काही आठवडे लागतात. सकाळी पेटी आणून संध्याकाळी तिच्यात मासे सोडणाऱ्यांचे मासे आठ-पंधरा दिवसांत मरतात, त्याचे कारण बहुधा हेच असते. लोक मात्र म्हणतात, मासा नाजूक होता!

जालन्यासारख्या प्रदेशात उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो. येथे वैशाखात हवेचे तापमान 40 अंश सेल्सियसच्या वर जाते. पाणी जसजसे तापते तसतसा त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. 20 अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो; 30 अंशांना तो साडेसातच्या जवळपास येतो. डोहातील मासा उन्हाच्या वेळी खोल, गार पाण्यात जाऊ शकतो. पेटीतील माशाला जाण्यास दुसरी जागाच नसते. म्हणून पेटी खिडकीच्या उन्हात ठेवू नये, पंपाने पाण्यात सतत हवा सोडावी आणि वीज गेल्यास काय करावयाचे हे आधीच ठरवून ठेवावे.

आता हिशेब करावा. वर सांगितलेल्या पेटीत काठोकाठ सुमारे 182 लिटर पाणी मावते. वाळू-दगडांची जागा आणि वरची मोकळी जागा सोडली, तरी 150 लिटर पाणी लागेल. साचलेले नायट्रेट काढण्यासाठी दर आठवड्यास त्याचा चौथा हिस्सा बदलावा लागतो. म्हणजे 15 लिटरच्या जवळजवळ अडीच बादल्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन असल्यास ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मगच वापरावे लागते. ज्या जिल्ह्याने 2012-13 सारखा दुष्काळ पाहिला, ज्याच्या शहरात आणि खेड्यांत माणसांना टँकरची वाट पाहावी लागली, तेथे दर आठवड्याच्या अडीच बादल्या ही लहान गोष्ट नव्हे. घागरभर पाण्यासाठी आई किंवा आजी किती चालली, हे ज्या घरात ठाऊक आहे, तेथे तर हा हिशेब पेटी आणण्यापूर्वीच मांडला गेला पाहिजे.

या अडचणीवर एक चांगला तोड आहे. पेटीतून काढलेले पाणी टाकाऊ नसते. माशाला नकोसे झालेले नायट्रेट झाडांना खत म्हणून उपयोगी पडते. तेच पाणी तुळशीला, कढीलिंबाला किंवा शाळेच्या बागेतील वाफ्याला घातले, तर एकही बादली वाया जात नाही. झाडांसाठी लागणारे पाणी आधी माशाच्या कामी येते, एवढेच. ज्या घरी किंवा शाळेत अशी व्यवस्था होऊ शकत नाही, तेथे निदान टंचाईच्या वर्षी पेटी न मांडणेच योग्य.

याहून मोठी जबाबदारी पुढेच आहे. हौस संपली, मासा फार वाढला किंवा पाणी बदलण्याचा कंटाळा आला, की पुष्कळ लोक पेटीतले मासे जवळच्या नदीत वा तलावात सोडून देतात. आपण जीवदान दिले असे त्यांना वाटते. वास्तविक त्यामुळे कित्येक जीव धोक्यात येतात. दक्षिण अमेरिकेतील साकर मासा काचेवरचे शेवाळ खातो म्हणून पेट्यांत ठेवला जातो. असाच सोडून दिल्यामुळे तो आज भारतातील अनेक नद्या-तलावांत पसरला आहे. आफ्रिकेतील तिलापिया 1952 मध्ये मुद्दाम भारतात आणला गेला. डास खाईल म्हणून गॅम्बुशिया 1928 मध्ये आणला गेला. या दोन्ही माशांचा पुढे इतका प्रसार झाला की मूळच्या देशी माशांच्या अन्नावर आणि पिल्लांवर त्यांनी आक्रमण केले. परदेशी माशांचीच गोष्ट कशाला? गोदावरीतलाच खरबा दुकानातील माशांच्या संगतीत राहिला असेल, तर त्यांचे रोग तो नदीत घेऊन जाऊ शकतो. म्हणून पेटीतला मासा पुन्हा नदीत सोडू नये. तो सांभाळणे अशक्य झाल्यास दुसऱ्या जाणत्या माणसाच्या स्वाधीन करावा.

तसेच मासा आणतानाही विवेक हवा. पुष्कळ तलाव मच्छीमारांच्या सहकारी संस्थांनी ठेक्याने घेतलेले असतात. तेथील मासे म्हणजे कोणाची तरी रोजची भाकर असते. अशा ठिकाणी परवानगीवाचून जाळे टाकू नये. भर उन्हाळ्यात डोह आटत असताना तर मासे मुळीच धरू नयेत; कारण त्या थोड्या पाण्यात जे उरले असतील, त्यांच्यातूनच पावसाळ्यात नदी पुन्हा नांदती होणार असते.

तेव्हा खरबा पाळण्यास योग्य आहे काय? शोभेसाठी पेटी हवी असणाऱ्याला तो योग्य नाही. तो दिवसाचा बराच वेळ वाळूत पडून राहील आणि पाहुण्यांना पेटी रिकामीच वाटेल. अनेक रंगीत मासे एकत्र ठेवू इच्छिणाऱ्यालाही तो योग्य नाही. परंतु ज्याच्याजवळ जागा आहे, आठवड्याच्या पाण्याची सोय आहे, आणि एका साध्या माशाचे वागणे महिनोन् महिने पाहत राहण्याइतका धीर आहे, अशा घराला किंवा शाळेला तो चांगला सोबती ठरेल. वाळूत तो कसा रुततो, डोळे कसे फिरवितो, वाटी टेकून कसा बसतो, हे सारे काचेतून जितके स्पष्ट दिसते तितके डोहाच्या काठावरून दिसत नाही.

पेटीतील माशाला पावसाची वाट पाहता येत नाही आणि प्रवाहाबरोबर दुसऱ्या डोहातही जाता येत नाही. नदी जे काम न सांगता करते, ते सारे काम पेटी ठेवणाऱ्याला स्वतःच्या हातांनी करावे लागते. ते पार पाडण्याची ज्यांची तयारी नसेल, त्यांनी भाद्रपद-आश्विनात पाणी निवळले की वडीलधाऱ्यांबरोबर नदीकाठी जावे आणि उथळ पाण्याच्या वाळूवर नजर लावून बसावे. घाई न करणाऱ्याला खरबा तेथेही दिसतो.

शब्दार्थ

दुथडी – दोन्ही काठ भरून. निमुळते – टोकाकडे बारीक होत जाणारे. मचूळ – किंचित खारट. दबा धरणे – लपून टपून बसणे. तोड – उपाय. ठेका – ठरावीक मुदतीसाठी घेतलेला हक्क.

अभ्यास

1. खरब्याचा मळकट रंग हे त्याचे ‘चिलखत’ आहे असे का म्हटले आहे?
2. झिंगा आणि त्याच्या बिळात राहणारा मासा एकमेकांना कोणती मदत करतात?
3. नवीन पेटीत लगेच सोडलेले मासे बहुधा का मरतात, ते पाच-सहा वाक्यांत सांगा.
4. ‘यात खरब्याचा दोष नाही’ या विधानाचे स्पष्टीकरण करा.
5. पेटीतला मासा नदीत सोडणे म्हणजे जीवदान नव्हे, हे पाठाच्या आधारे पटवून द्या.
6. 60 सेंटिमीटर लांब, 30 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर उंच पेटीत किती लिटर पाणी मावेल? त्याचा चौथा हिस्सा किती?
7. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : ढुंकूनही न पाहणे, स्वाधीन करणे, वाट पाहणे.
8. तुमच्या गावाजवळच्या नदीत किंवा तलावात कोणते मासे आढळतात, त्यांची तेथे प्रचलित असलेली नावे वडीलधाऱ्यांना व मच्छीमारांना विचारून लिहा.